मीठ थोडं कमी शे

हिलालनाना गेले त्याला वर्ष होत आलं. माणूस गेला की लोक त्याला पाकात घोळतात. कालपर्यंत नावं ठेवणारे आज डोळे पुसतात. मला ते जमत नाही. नाना होते तेव्हा गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत, आणि त्यांत पहिलं बोट माझं असे.

नात्यानं ते माझे चुलत जेठ. धरणगावात आमची घरं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढीच गल्ली. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. त्यामुळे पहिली वीस वर्षं मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. पुढची वीस वर्षं दिलं, तर त्यांनी ऐकलं नाही.

आमच्या भाऊबंदांत एक रीत आहे. पंगत बसली, पानं वाढून झाली, तरी कोणी अन्नाला हात लावत नाही. वयानं जो सगळ्यांत मोठा, तो पहिला घास घेतो, मग बाकीचे. नानांच्या आधीचा म्हातारा घास घ्यायचा आणि मोकळा व्हायचा. नाना तसे मोकळे होत नसत. ते घास घेत, डोळे मिटत आणि चघळत बसत. पन्नास माणसं हात मांडीवर ठेवून त्यांच्या जबड्याकडे बघत. वरण निवायचं, बट्टीवरचं तूप थिजायचं. मग नाना डोळे उघडून म्हणत, "मीठ थोडं कमी शे. पन चाली. जेवा आते."

मग पंगत जेवायची.

हे दर वेळी. लग्न असो, जावळ असो, कोणाचं तेरावं असो. मीठ थोडं कमीच. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी व्हायची. भरीत माझ्याकडे असायचं, कारण तसं भरीत गल्लीत दुसऱ्या कोणाला जमत नाही. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. पण नाना म्हणायचे, "कमल, मीठ थोडं कमी शे." पहिल्या घासाचा मान नव्हता तेव्हापासून, चाळीस हिवाळे म्हणाले.

याला कारण त्यांचा धंदा. नाना जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. शेतकऱ्याची गाडी लागली की हे तिच्यात कोपरापर्यंत हात घालत, आतला कापूस मूठभर काढत, दोन अंगठ्यांत धरून ओढत, बोटांत चोळत, नाकाला लावत आणि म्हणत, "ओल शे." शेतकरी शपथा घ्यायचा. नाना पुढच्या गाडीकडे गेलेले असायचे. त्यांनी "चांगला शे" म्हटलेलं कोणत्याही शेतकऱ्यानं ऐकलं नाही. काम सुटलं तरी बोटं चोळायची सवय सुटली नाही. मुलासाठी, म्हणजे विजयसाठी, जळगावला मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीकडे बघायच्या आधी यांनी गादीवरची चादर दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "ओल शे." त्या लोकांनी पाहुणे येणार म्हणून सकाळीच धुतली होती. ती मुलगी म्हणजे मनीषा. ती आतून म्हणाली, "मग उठा, वाळत घालते." नानांनी तिथेच लग्न ठरवलं.

या मनीषानंच पुढं त्यांना जगवलं. म्हणून ते आधी सांगितलं.

लकवा आला तेव्हा नाना ओट्यावर बसून माझ्या चुलीकडे बघत होते. बघता बघता त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं. मला वाटलं, माझ्या भाकरीला तोंड वेडावताहेत. मी पाठ फिरवली. मनीषानं ओरडल्यावर कळलं. विजयनं जळगावला नेलं. महिनाभरानं हात आला, पाय आला, बोलणंही आलं, थोडं जडपणे. गिळणं तेवढं आलं नाही. डॉक्टरांनी मनीषाला समजावून सांगितलं की यांनी काही गिळलं तर ते पोटात न जाता छातीत उतरतं आणि तिथं सडतं. तोंडानं काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

म्हणजे बोलायची जीभ राहिली आणि खायची गेली. उलटं झालं असतं तर गल्लीला बरं झालं असतं, असं मी तेव्हा म्हणाले होते. म्हणाले होते ते म्हणाले होते.

आधी नाकातून नळी होती. मग पोटाला बारीक भोक पाडून तिथून नळी घातली. मनीषा मोठ्या पिचकारीनं दिवसातून सहा वेळा पातळ अन्न द्यायची. पण ते एकदम पोटात गेलं की नानांना उमळून यायचं. मग दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी एक मशीन सांगितलं. रेडिओएवढं, हलकं. वर दुधासारख्या अन्नाची पिशवी लावायची, आकडा बसवायचा, बटण दाबायचं, की ते टीं करतं आणि थेंब थेंब अन्न नळीतून पोटात सोडतं. चार्जिंगवर चालतं. सगळं एका काळ्या पिशवीत बसतं आणि पिशवी पाठीला लावून माणूस पाहिजे तिकडे हिंडतो. मनीषानं नानांच्या सगळ्या सदऱ्यांना डाव्या कुशीत एकेक काज केलं, नळी आत जायला.

धोतर, पांढरी टोपी आणि पाठीला काळं दप्तर. चौथीत नापास होऊन होऊन म्हातारा झालेला पोरगा दिसावा, तसे नाना दिसायचे.

आमच्या जिल्ह्यात ठिबक कोणाला समजावून सांगावं लागत नाही. विजयचं तर दुकानच ठिबकच्या नळ्यांचं. नानांनी पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं, "केळीले ठिबक, माले ठिबक. फरक इतलाच, केळीले घड लागस, माले काहीच लागत नही."

त्या हुशारीपायी एकदा घोटाळा झाला. रोजच्या त्या पांढऱ्या अन्नाला नाना कंटाळले. चव लागत नव्हती, तरी कंटाळले. मनीषा माहेरी गेलेली. बापलेकांनी विचार केला की वरण म्हणजे तरी काय, पिवळं पाणीच. तुरीचं वरण धोतराच्या फडक्यातून गाळलं, पिशवीत ओतलं आणि बटण दाबलं. पाच मिनिटांत मशीन टीं टीं टीं करून ओरडायला लागलं. नळी तुंबली. आता ठिबकवाल्याला नळी तुंबली की एकच औषध माहीत, आम्ल सोडायचं. विजय म्हणाला, "नाना, लिंबू पिळू का?"

नाना म्हणाले, "पिळ. चार पिळ."

मी समोरून ऐकलं. लिंबू घेऊन निघालेल्या विजयचा हात धरला आणि मनीषाला फोन लावला. ती फोनवरून जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मग तिनं सांगितलं तसं कोमट पाणी पिचकारीत घेऊन हळूहळू दाबलं. बऱ्याच वेळानं नळी मोकळी झाली. संध्याकाळी ती जळगावहून परत आली, सासऱ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, पोट तुमचं आहे, पण नळी माझी आहे. पुन्हा तिच्यात काही घातलंत तर मी तुम्हांला केळीच्या शेतात नेऊन लावीन."

नाना खाली बघत बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "वरनमां मीठ कमी व्हतं. म्हनून तुंबनं."

तोंडानं चोरून खायचा प्रयत्नही त्यांनी एकदाच केला. शेवेचा एक तुकडा. ठसका लागला, छाती भरली, जळगावला दहा दिवस खाटेवर काढावे लागले. त्यानंतर नाही केला. "शेव मऊ व्हती," एवढंच म्हणाले.

पण त्यांना खरं लागलं ते वेगळंच. लोकांनी त्यांना पंगतीला बोलवायचं बंद केलं.

वाईट मनानं नाही केलं. उपाशी माणसासमोर कसं खायचं, हे कोणालाच समजेना. नाना गल्लीतून निघाले की दारात बसून खाणारे ताट उचलून आत पळायचे. जावळं झाली, साखरपुडे झाले, नानांना नंतर कळायचं. पहिल्या घासाचा मान गेला रघुनाथआबाकडे. वयानं ते नानांच्या खालोखाल. रघुनाथआबा म्हणजे अगदी गरीब गाय. घास घेतला न घेतला की म्हणायचे, "वा, छान." करपलेलं असलं तरी छान, कच्चं असलं तरी छान. वर्षभरात आमच्या पंगतीच्या स्वयंपाकाची माती झाली. बट्ट्या आतून पिठूळ निघायला लागल्या. विचारणार कोण? सगळं छानच होतं.

एक दिवस शेजारच्या घरी बारशाची पंगत बसल्याचा आवाज आला. नाना ओट्यावर, मी खाली तांदूळ निवडत. नानांनी पाठीची पिशवी सावरली आणि मला विचारलं, "कमल, मी मरी गऊ का?"

मी म्हणाले, "नाही. मेला असता तर तेराव्याला तरी बोलावलं असतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तोंड बंद पडनं. मी नही पडनू."

तेव्हा मला कळलं की या माणसाला जेवण नको आहे. त्याला जागा पाहिजे. पंगतीच्या टोकाची ती एक जागा, जिथून "जेवा" म्हणता येतं.

ती संधी धुळ्याला आली. नानांची नात, विजयची पूजा, तिचं लग्न धुळ्याच्या मुलाशी ठरलं होतं. साखरपुड्याला आम्ही दोन गाड्या करून गेलो. नाना पुढच्या गाडीत, मशीन मांडीवर. खड्डा आला की मशीन टीं करायचं आणि नाना ड्रायव्हरला म्हणायचे, "तुले म्हनी ऱ्हायनं ते. हळू चाल."

व्याही चांगला माणूस. पण त्याला वाटलं, आजारी म्हातारा आहे, आत खाट टाकून झोपवावं. तो हात जोडून म्हणाला, "नाना, आपण आत आराम करा. पंगतीचा त्रास कशाला घेता?"

नाना म्हणाले, "नातनी पंगत शे. मी बठसू." आणि खिशातून कवळी काढून तोंडात बसवली.

ही कवळी एक वेगळंच प्रकरण होतं. खाणं बंद झाल्यापासून ती घरी डबीत पडून असायची. नाना फक्त मानाच्या ठिकाणी बसताना ती लावत. लोक फेटा बांधतात तशी.

पंगतीच्या आधी नाना मांडवामागं एक फेरी मारून आले. हात पाठीमागं, त्या हातांवर ते दप्तर. आचाऱ्यांच्या मधून फिरले, कढया बघितल्या, कोणाशी बोलले नाहीत. मग येऊन टोकाच्या पाटावर बसले. पानं वाढली. दोन्हीकडची शंभर माणसं. धुळ्याकडच्यांतही तीच रीत, मुलीकडचा मोठा आधी. आता हा मोठा तर गिळत नाही, हे सगळ्यांना माहीत. व्याही रघुनाथआबाकडे बघायला लागला. रघुनाथआबा तयारच होते, त्यांनी घास उचललासुद्धा.

नानांनी एक हात वर केला. रघुनाथआबांचा घास तोंडापाशी थांबला.

नानांनी डाळीत बुडवलेला बट्टीचा तुकडा दोन बोटांत घेतला. चोळला. नाकाला लावला. डोळे मिटले. मी बायकांच्या बाजूला वाढायला उभी होते, माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. नानांनी डोळे उघडले.

"मीठ कमी शे. थोडं नही. बिलकुल नही शे."

मग खांद्यावरून पिशवी पुढं ओढली, आत हात घातला आणि बटण दाबलं. टीं. "मनं चालू व्हयनं. आते तुम्हीबी जेवा."

व्याह्याच्या आचाऱ्यानं पळत जाऊन डाळ चाखली आणि कपाळाला हात लावला. शंभर माणसांच्या डाळीत तो मीठ टाकायलाच विसरला होता. तिथं जी टाळ्यांची कडकड झाली! धुळ्याची माणसं उठून नानांच्या पायाला हात लावायला लागली. बोटानं मीठ ओळखणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. नाना कवळी दाखवत बसून राहिले. पाठीवर मशीन आपलं थेंब थेंब जेवत होतं.

तेव्हापासून मान परत आला. गल्लीत पंगत बसली की नाना टोकाला, कवळी तोंडात, घास बोटांत, "मीठ थोडं कमी शे," आणि टीं. टीं झालं की पन्नास हात एकदम पानात. पोरं घरीसुद्धा टीं म्हणून जेवायला लागली.

पण सवय लागली की त्यातून घोळ होतोच. गणपतीच्या भंडाऱ्याला पानं वाढलेली होती आणि आरती चाललेली. लोक पानांपाशी हात जोडून उभे. नानांना उभं राहवेना म्हणून ते खांबाला टेकले, आणि नळी पाठ आणि खांबामध्ये दाबली गेली. टीं टीं टीं! दीडशे माणसं मटकन खाली बसली आणि जेवायला लागली. पुजारी हातात पेटलेली आरती घेऊन तसाच उभा. गणपतीला नैवेद्य अजून दाखवायचा होता. पुजाऱ्यानं वळून बघितलं तेव्हा अर्ध्या लोकांचा पहिला लाडू संपला होता.

नाना ओरडत होते, "मी नही! नळी वाकी गयी!" पण भजी खाताना कोण ऐकतं?

या गोष्टीवर मग बैठक झाली. रघुनाथआबा स्वतः काही बोलले नाहीत, पण त्यांचा जावई बोलला. देवाच्या आधी जेवायची पाळी आली, मशीनच्या भरवशावर पंगत बसवायची का, नानांनी आता आराम करावा, वगैरे. निम्म्या लोकांनी माना हलवल्या. शेवटी असं ठरलं की येत्या भरीत पार्टीला नानांना एकदा बसू द्यायचं. पुन्हा काही गडबड झाली तर पुढं रघुनाथआबा.

नानांनी ते ऐकलं. बोटं चोळत घरी आले.

पार्टीच्या चार दिवस आधी मी त्यांच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. म्हणाले, "नाना, एक सांगा. धुळ्याला तुम्हांला बोटानं मीठ कसं कळलं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हसले. लकव्यानंतर ते अर्ध्याच तोंडानं हसत, त्यामुळे जास्तच लबाड दिसत.

"बोटले काय कळस? मांडवमांगे गऊ तं मिठनी पिशवी दखी. पिशवीनं तोंड शिवेलच व्हतं. फोडेलच नही, तं मीठ पडी कथाईन?"

मला हसू आलं. मग हसता हसता माझ्या डोक्यात आलं आणि हसू थांबलं. मी विचारलं, "मग माझं भरीत? चाळीस वर्षं म्हणालात मीठ कमी, ते?"

"नही व्हतं कमी," नाना म्हणाले. "एकदाबी नही."

"मग?"

"कापूसवालाले 'चांगला शे' म्हनं, का पुढला खेपले तो ओला आनस. तुले बरोबर शे म्हनतू, तं तू हात ढिला सोडती. दख, चाळीस साल कसं भरीत करं तू. मनामुळे."

मी लसूण त्यांच्या ओट्यावरच टाकून उठले. माझ्या सासूनं, माझ्या नवऱ्यानं, या माणसाच्या तोंडाकडे बघून मला चाळीस वर्षं सांगितलं होतं की पुढच्या साली मीठ नीट बघ. आणि हा म्हणतो, मनामुळे, म्हणजे याच्यामुळे!

त्याच दिवशी मी ठरवलं. या वर्षी भरीतात मीठ घालायचंच नाही.

भरीताचा दिवस उजाडला. विजयच्या शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला. हिरवी लांब वांगी तेल लावून भाजली, सोलली, लाकडी बडगीत ठेचली. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं पडलं. पुरुषांच्या पंगतीची कढई वेगळी, बायकांची वेगळी. बायकांच्या कढईत मी गुपचूप चिमटीनं मीठ घातलं. पुरुषांच्या कढईत नाही. आणि नाना फेरी मारायला येणार हे माहीत असल्यानं मिठाची पुडी फोडून, निम्मी रिकामी करून, त्या कढईच्या शेजारीच ठेवली. बघ म्हणावं आता.

नाना आले. हात पाठीमागं, दप्तर पाठीला. कढई बघितली, पुडी बघितली, जमिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गेले.

पंगत बसली. रघुनाथआबा नानांच्या शेजारी, आणि त्यांच्या शेजारी तो जावई, बघू आता म्हणत. तो तिथं बसलेला बघितला आणि मी भानावर आले. रागाच्या भरात मला बैठकीतलं ते बोलणं आठवलंच नव्हतं. आज नाना चुकले तर त्यांची जागा गेली. आणि चुकणार होते ते माझ्यामुळे. मी पुडी उचलून कढईकडे गेले, पण कढई रिकामी झाली होती. भरीत सगळं पानांत गेलेलं.

नानांनी कवळी बसवली. भरीत दोन बोटांत घेतलं. चोळलं. नाकाला लावलं. डोळे मिटले, आणि इतका वेळ मिटून ठेवले की मला वाटलं झोपले. मी मनात म्हणत होते, कमी म्हणा नाना, नेहमीसारखं कमी म्हणा, म्हणजे सुटू आपण.

डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "आज मीठ बरोबर शे."

टीं.

लोक एकमेकांकडे बघायलाच लागले. नाना बरोबर म्हणाले! विजय तर मला हातानं शाबास करायला लागला. मग सगळ्यांनी पहिला घास घेतला.

आणि पंगत गप्प झाली.

चाळीस माणसं तोंडात अळणी भरीत धरून बसली होती. एकानं दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि सगळ्यांनी नानांकडे. नाना समोर बघत ताठ बसलेले. जावयानं तोंड उघडलं. मी पदराचं टोक दातात धरलं. जावई नानांकडे बघत राहिला, आणि मग त्यानं उघडलेल्या तोंडात दुसरा घास घातला. कोणीतरी म्हणालं, "जरा ठेचा देजो रे." मग सगळ्यांनीच ठेचा मागितला. लोणचं मागितलं. पापड मागितले. अख्खं अळणी भरीत त्या चाळीस माणसांनी लोणच्याशी खाऊन संपवलं, आणि एकाच्याही तोंडून मिठाचा म निघाला नाही.

रघुनाथआबा बोटं चाटून म्हणाले, "वा, छान."

हात धुवायला पाणी द्यायच्या निमित्तानं मी नानांपाशी गेले. हळूच म्हणाले, "तुम्हांला कळलं होतं."

"तुना हातनं मीठ सांडाबिगर कधी पडनं नही," ते म्हणाले. "पुडी फुटेल, अन् खाले एक दाना नही. माले येडा समजनी का?"

"मग बरोबर का म्हणालात?"

नानांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली, खिशात घातली. पंगतीकडे बघितलं. माणसं ढेकर देत उठत होती, पाणी पीत होती.

"दखनं व्हतं," ते म्हणाले, "कोन बोलस ते."

"कोणीच नाही बोललं."

"कोनीच नही बोलनं," नाना म्हणाले. आणि अर्ध्या तोंडानं इतके हसले की उरलेलं अर्धंसुद्धा जरा हललं.

मग दमले होते म्हणून मनीषानं त्यांना घरी न्यायचं ठरवलं. रिक्षा बांधापलीकडे उभी होती. तिचा हात धरून नाना बांधावरून निघाले. पंधरा दिवसांनी छाती भरली आणि त्यातून ते उठले नाहीत. पण त्या दिवशी चांगले चालत होते.

इकडे बायकांची पंगत बसली. आम्ही नेहमी मागून. पानं वाढून झाली, आणि आता आमच्यात सुरुवात कोणी करायची यावर बायकांचं चाललं, तू मोठी की मी मोठी. आपलं वय मोठं सांगायला कोणी तयार नाही. तेवढ्यात बांधावरून आवाज आला. नानांची पिशवी संपली होती. टीं टीं टीं.

झालं. सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या आणि जेवायला सुरुवात केली.

मनीषा मशीन बंद करायला थांबली होती. नाना मागं वळले. त्यांनी आम्हांला जेवताना बघितलं, पाठीचं दप्तर सावरलं, आणि बांधावरूनच हात वर करून ओरडले, "जेवा, जेवा!"

मी घास घेतला. मीठ थोडं कमी होतं.